सोहळा आणि दुसरा दिवस

वसंतातील व्याख्यानांना येणारा श्रोता हा मोठा सोशिक गृहस्थ असतो. दिवसभर तापलेल्या शहरातून तो संध्याकाळी बाहेर पडतो, वाऱ्याची एखादी झुळूक येईल या आशेवर खुर्चीवर टेकतो आणि वक्त्याचे चार शब्द शांतपणे ऐकून घेतो. अशा श्रोत्यापुढे झाडांविषयी बोलणे फारसे कठीण नाही. सावलीचे मोल वैशाखात कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. परंतु आम्हांला आज जे बोलावयाचे आहे ते झाडांच्या मोलाविषयी नव्हे. झाडे लावण्याचे, रस्ते झाडण्याचे, नद्या स्वच्छ करण्याचे जे सार्वजनिक सोहळे आपण साजरे करतो, त्यांचा इतिहास काय आहे आणि त्यांतून मागे काय उरले, हा आमचा विषय आहे.

हा प्रश्न आम्हांला वैशाखातच सुचावा यालाही कारण आहे. रोप लावले जाते ते आषाढात. तेव्हा आभाळ भरलेले असते, माती मऊ असते, मुले गाणी म्हणत असतात आणि पाहुणे हार घालून उभे असतात. त्या रोपाची खरी परीक्षा होते ती मात्र पुढल्या वैशाखात. तेव्हा तिथे पाहुणे नसतात, मुले सुटीवर गेलेली असतात आणि जवळपास पाण्याची बादली दिसत नाही. आषाढातील गर्दी मोजून सोहळ्याचा हिशेब मांडणे सोपे. वैशाखातील रोपे मोजून तो मांडणे अवघड. इतिहासाने मात्र हा दुसरा हिशेबच मांडला पाहिजे.

आरंभ थोडा मागून करू. आपल्याकडे झाडाविषयीचा विचार वनमहोत्सवापासून सुरू झाला असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी जो विवेक आहे, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. गलबते बांधावयाची तर लाकूड लागणारच, हे अमात्य जाणत होते. परंतु रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात; एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याला मोबदला देऊन मगच ते तोडावे, असा त्यांचा आशय आहे. येथे सोहळा नाही, गाणे नाही. आहे तो नियम. आणि त्या नियमामागे एक साधी जाणीव आहे, की झाडाला धनी असतो आणि झाड वाढवायला एका माणसाचे आयुष्य खर्ची पडते.

तीच गोष्ट घरातल्या राहणीची. आमच्या आजीच्या पिढीत जुन्या लुगड्यांची गोधडी होई, उरलेले कपडे बोहारणीला देऊन एखादे पातेले घरात येई, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावली जाई, पंगत पत्रावळीवर बसे आणि वाण्याच्या पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून कोनाड्यात ठेवला जाई. मुंबईकरांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील; रिकामी बाटली धुऊन परत दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. या आठवणी काढताना मन सुखावते, पण येथे आपण स्वतःची फसवणूक करून घेता कामा नये. ही काटकसर निसर्गावरील प्रेमातून आलेली नव्हती; ती टंचाईतून आलेली होती. म्हणूनच टंचाई सरली तशी ती सवयही सरली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत प्लास्टिकची फुकट पिशवी बाजारात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या खुंटीला लटकलेली कापडी पिशवी अडगळीत गेली. टंचाईने शिकविलेला धडा सुबत्तेने पुसून टाकला. आता तोच धडा समजून उमजून पुन्हा गिरवावयाचा आहे, आणि सार्वजनिक सोहळ्यांची गरज निर्माण झाली ती येथे.

झाडे लावण्यासाठी एक दिवस राखून ठेवण्याची आधुनिक प्रथा अमेरिकेतील नेब्रास्का या राज्यात १८७२ साली रूढ झाली. ते राज्य म्हणजे उघडी माळराने. तेथे येऊन वसलेल्या शेतकऱ्यांना वाऱ्याला आडोसा, जळण आणि घरबांधणीचे लाकूड यांपैकी काहीच जवळ मिळत नव्हते. ज्यूलियस स्टर्लिंग मॉर्टन या वृत्तपत्रकाराने कल्पना मांडली आणि १० एप्रिल १८७२ या दिवशी त्या राज्यात सुमारे दहा लाख झाडे लागली असे सांगतात. यात ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की लावणाऱ्याला त्या झाडाची गरज होती. झाड त्याच्याच बांधावर होते, आणि ते जगले नाही तर वारा त्याच्याच घरात शिरणार होता.

आपल्याकडील वनमहोत्सव सुरू झाला तो १९५० च्या जुलैमध्ये. त्याचे प्रवर्तक कन्हैयालाल मुनशी हे त्या वेळी केंद्रात अन्न व शेतीखात्याचे मंत्री होते. वनमहोत्सव अन्नखात्याने सुरू करावा याचे आज नवल वाटेल, पण त्यामागे पक्का विचार होता. खेड्यात जळण नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात. शेण चुलीत गेले की शेताला खत उरत नाही. खत नाही म्हणून पीक नाही. गावालगत जळणाची झाडे वाढली तर शेण शेताकडे परतेल आणि भाकरी वाढेल. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीतही हाच विचार आहे, आणि देशाची एक-तृतीयांश भूमी वनाखाली असावी हे उद्दिष्टही त्याच नीतीने घालून दिले.

विचार उत्तम, मुहूर्त उत्तम. तरीही वनमहोत्सवाची थट्टा लवकरच सुरू झाली. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि तो विनोद नाही हेही आपणांस ठाऊक आहे. असे का व्हावे? रोप लावायला पाच मिनिटे पुरतात; ते जगवायला निदान तीन उन्हाळे लागतात. पाच मिनिटांसाठी मंत्री मिळतो, छायाचित्रकार मिळतो. तीन उन्हाळ्यांसाठी माणूस नेमलेला नसतो, कुंपण नसते, शेळ्यांना ना नसते. नेब्रास्काच्या शेतकऱ्याचे झाड त्याचे होते. आपल्या रस्त्याकडेचे झाड सर्वांचे होते, म्हणजे कोणाचेच नव्हते. अमात्यांनी ज्या धन्याची आठवण ठेविली होती, तोच धनी वनमहोत्सवात हरवला.

आता रोपाकडून झाडूकडे वळू. १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनास गेलेल्या गांधीजींनी तेथील शौचकूपांची दुर्दशा पाहिली, स्वयंसेवकांना ती दाखविली आणि ते काम आपले नव्हे असे उत्तर मिळाल्यावर स्वतःच झाडू हाती घेतला. पारनेरचे सेनापती बापट हे तर क्रांतिकारक म्हणून विलायतेहून परतलेले. त्यांनी आपल्या गावचे रस्ते झाडण्याचे व्रत घेतले होते. परंतु झाडूला महाराष्ट्रात खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती गाडगेबाबांनी. १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ साली निवर्तलेले बाबा गावात येत ते खराटा घेऊनच. दिवसा गाव झाडून काढावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपण आधी व्याख्यान देतो आणि मग जमले तर झाडू उचलतो. बाबा आधी झाडत आणि मगच बोलत. त्यामुळे रात्री कीर्तनाला बसलेल्या माणसाला आपल्या दाराची घाण सकाळी कोणी उचलली हे आठवत असे. त्या लाजेतून जे घडे ते उपदेशाने घडले नसते.

बाबांच्या पश्चात पुष्कळ वर्षांनी, २०००–०१ मध्ये, त्यांच्याच नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान निघाले. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याला गावागावांतील स्पर्धेचे रूप दिले. बक्षिसाच्या ओढीने का होईना, उकिरडे हलले, गटारे वाहती झाली, गावकरी एकत्र आले. काही गावांत बक्षीस मिळाल्यावर ‘नव्याचे नऊ दिवस’ याचा प्रत्यय आला, हेही खरे. परंतु ज्या गावांनी त्या निमित्ताने ग्रामसभेत नियम करून घेतले, तेथे तपासणी करणारे परतल्यावरही स्वच्छता राहिली.

याच ठिकाणी एका परदेशी सोहळ्याचा उल्लेख केला पाहिजे. आपल्यासारख्या व्याख्यानरसिकांना तर तो विशेष रुचेल. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्यालगत समुद्रातील तेलविहीर फुटून किनारा काळा पडला. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी ते पाहिले आणि महाविद्यालयांतून पर्यावरणावर व्याख्याने व चर्चा घडवाव्यात असे ठरविले. म्हणजे मूळ बेत हा वसंतातील व्याख्यानांचाच होता! परीक्षांच्या आधीचा मोकळा दिवस म्हणून २२ एप्रिल १९७० हा दिवस निवडला गेला. डेनिस हेस या तरुण विद्यार्थ्याने त्याची देशभर जुळवाजुळव केली आणि त्या दिवशी सुमारे दोन कोटी माणसे रस्त्यांवर, मैदानांत, सभागृहांत जमली. तोच पहिला ‘वसुंधरा दिन’.

या सोहळ्याचा दुसरा दिवस कसा होता? त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या देशात पर्यावरणरक्षणाचे स्वतंत्र खाते स्थापन झाले, वर्षाच्या शेवटच्या दिवशी हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला आणि १९७२ मध्ये पाण्याचा. दोन कोटी लोकांनी त्या दिवशी हवा स्वच्छ केली नाही. त्यांनी राज्यकर्त्यांना भाग पाडले. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला जागतिक परिषद भरली, तीत इंदिरा गांधींनी भाषण केले, आणि परिषदेच्या आरंभाचा ५ जून हा पुढे जागतिक पर्यावरण दिन ठरला. आपल्याकडे १९७४ चा जलप्रदूषणाचा, १९८१ चा वायुप्रदूषणाचा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा असे कायदे झाले ते या घडामोडींच्या पाठोपाठच.

परंतु कायदा हाही अर्धाच उपाय असतो. गढवालातील चिपको आंदोलनाने उरलेला अर्धा भाग दाखविला. १९७० च्या जुलैत अलकनंदेला मोठा पूर आला. वरच्या डोंगरांवरील जंगल तुटल्याने हा घाला आला, हे गावकऱ्यांनी ओळखले. १९७३ मध्ये शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडे मागणाऱ्या स्थानिक संस्थेला नकार मिळाला आणि तीच झाडे खेळाचे साहित्य करणाऱ्या एका कारखान्याला दिली गेली. तेव्हा चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावात पुरुष मंडळी नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेली असता तोडणारे जंगलात शिरले; आणि गौरादेवींच्या नेतृत्वाखाली गावातील बायका झाडांच्या आड उभ्या राहिल्या. पुढे त्या भागातील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर पंधरा वर्षांची बंदी आली.

बायकाच का उभ्या राहिल्या? त्याचे उत्तर त्यांच्या रोजच्या दिनक्रमात आहे. चारा, जळण आणि पाणी आणणे हे त्यांचे काम. जंगल दूर गेले की त्यांची वाट लांबते. ज्याची वाट लांबणार आहे त्यालाच जंगलाची खरी काळजी असते. पुढे भट्टांच्या संस्थेने डोंगरावर वृक्षारोपणाची शिबिरे भरविली, त्यांतही गावकऱ्यांनी आपल्याला हवी ती झाडे लावली आणि राखली.

आपल्या मुलखातील दाखला हिवरे बाजारचा. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे पर्जन्यछायेतले गाव. तेथे पाऊस थोडा आणि त्यातलाही बराच वाहून जाणारा. माणसे गाव सोडून जात होती. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदान केले, बांध घातले, चर खणले, झाडे लावली. इतके तर अनेक गावांनी केले होते. हिवरे बाजारने त्याच्या पुढचे पाऊल टाकले: कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही असे ठरविले आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांना नकार दिला. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, आणि जितके पाणी तितकेच पीक घ्यावयाचे. घरच्या बाईने महिन्याचा किराणा बसवावा तसे हे गाव वर्षाचे पाणी बसविते. श्रमदान हा तेथील सोहळा होता, पण गाव तरले ते या हिशेबामुळे.

आता आम्हा शहरवासीयांकडे येऊ. खेड्याला उपदेश करण्यात आम्ही नेहमीच पुढे असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर बुडाले. इतक्या पावसापुढे कोणतीही गटारे अपुरी पडली असती; परंतु तुंबलेल्या नाल्यांतून निघालेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी जो धडा दिला तो विसरण्याजोगा नव्हता. त्यानंतर २००६ मध्ये राज्यात पातळ पिशव्यांवर बंधने आली, २०१८ मध्ये अधिक व्यापक बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. इतक्या बंद्या एकामागून एक का कराव्या लागल्या, याचे उत्तर प्रत्येकाने भाजी आणताना स्वतःला विचारावे.

कचऱ्याचा इतिहास तर याहून बोचरा आहे. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे जाऊन पडत होता. आपल्या पेठा, आपल्या सोसायट्या झाडून लख्ख होत होत्या, आणि ती घाण दुसऱ्याच्या अंगणात साठत होती. तेथील ग्रामस्थांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा कोठे शहराला आपल्या घाणीचा वास आला. स्वच्छता म्हणजे घाण दुसऱ्याच्या दारात लोटणे असेल, तर गाडगेबाबांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. १९९३ साली पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांचा तिला पाठिंबा होता. तीत बहुसंख्य बाया, उकिरड्यात हात घालून पोट भरणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या श्रमाला ओळख मागितली, आणि पुढे २००८ मध्ये त्यांच्याच सहकारी संस्थेला महापालिकेच्या वतीने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मिळाले. शहरातील पर्यावरणाचे सर्वांत मोठे दैनंदिन कार्य या बाया करीत आल्या, आणि ‘पर्यावरणवादी’ म्हणून त्यांचा सत्कार मात्र क्वचितच झाला. ओला आणि सुका कचरा वेगळा करून देणे ही आपल्याला सवय वाटत असेल. त्या बाईच्या दृष्टीने कुजक्या अन्नात आणि फुटक्या काचेत हात घालावा लागतो की नाही, याचा तो प्रश्न आहे.

वर्सोव्याच्या किनाऱ्याची हकिकत याच जातीची. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोझ शाह हे वकील एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह किनाऱ्यावरील कचरा उचलू लागले. दर भरतीला समुद्र नवा कचरा आणून टाकी, आणि दर आठवड्याला ही मंडळी पुन्हा उतरत. हळूहळू शेकडो माणसे जमली, लाखो किलो कचरा हलला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या वाळूत कासवांची पिले जन्मून समुद्राकडे गेली. एकाच रविवारी दहा हजार माणसे जमली असती तर ही पिले दिसली नसती. आठवड्यामागून आठवडे माणसे येत राहिली म्हणून दिसली.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो योग्य आहे. कोणी म्हणेल, आम्ही कापडी पिशवी नेली आणि केळीची साल कुंडीत घातली, तरी कारखान्यांच्या धुराचे आणि नद्यांत सोडलेल्या मैल्याचे काय? पिशवीने धूर थांबत नाही, हे आम्हांला मान्य आहे. ज्याचा दोष मोठा त्याला मोठा जाब विचारला पाहिजे, आणि त्यासाठी कायदा व लोकमत हवे. १९७० च्या वसंताने तेच दाखविले. परंतु स्वतःच्या घरात हिशेब न ठेवणारा माणूस दुसऱ्याचा हिशेब तपासायला कच खातो. जो रोज ओला-सुका वेगळा करतो, त्यालाच एक दिवस प्रश्न पडतो की वेगळा दिलेला कचरा पुढे एकत्र तर होत नाही ना. आणि तो जाऊन विचारतो. घरातील सवय ही अशी नागरिकपणाची शाळा आहे.

हा सर्व इतिहास पाहून आम्हांला असे दिसते, की सोहळे निरर्थक नसतात. सोहळ्यावाचून माणसे एकत्र येत नाहीत आणि एकत्र आल्यावाचून धीर येत नाही. पण जो सोहळा मागे एखादा नियम, एखादी संस्था किंवा एखादी सवय ठेवून गेला, तोच टिकला. बाकीचे छायाचित्रांत राहिले. आणि ज्याच्या पोटाशी, पाण्याशी, वाटेशी त्या कामाचा संबंध होता, त्याच्याच हाती ते सोपविले तेव्हा ते जगले.

म्हणून या व्याख्यानाच्या अखेरीस आम्ही आपणांस कोणतीही शपथ घ्यावयास सांगणार नाही. शपथा पुष्कळ झाल्या. आपल्या आळीत, शाळेत किंवा टेकडीवर गेल्या पावसाळ्यात जी रोपे लागली असतील, ती उद्या सकाळी ऊन चढण्याआधी एकदा पाहून यावीत. काही वाळली असतील, काही शेळ्यांनी खाल्ली असतील. एखादे अजून तग धरून असेल. त्याला बादलीभर पाणी घालावे, आणि परवा कोण घालणार हे शेजाऱ्याशी बोलून ठरवावे.